फाइल कोणी वाचलीय ते विचारा

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं की दिवाणी दाव्यासाठी फक्त कोर्टाचंच काम करणारं छोटं ऑफिस बघा, मोठ्या नावाच्या मागे जाऊ नका. त्या एका वाक्यावरून एवढे मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण बऱ्याच जणांचे प्रश्न मिळतेजुळते होते म्हणून त्यातले सहा निवडलेत.

भोसरीत माझं प्रेस पार्ट्सचं छोटं युनिट आहे. एका कंपनीकडे ४२ लाख अडकलेत, दोन वर्षं झाली, फोन उचलत नाहीत. एकाने लिटिगेशन बुटीक म्हणून पाच वकिलांचं ऑफिस सुचवलंय आणि दुसऱ्याने चार शहरांत शाखा असलेली मोठी फर्म. बुटीक म्हटलं की मला कपड्यांचं दुकानच आठवतं. हे नेमकं काय असतं, आणि पाच जणांवर भरवसा ठेवावा का?
— एक उद्योजक, भोसरी

दादा, बुटीक म्हणजे एकाच प्रकारचं काम करणारं छोटं ऑफिस, एवढंच. मोठ्या फर्ममध्ये कंपन्यांचे करार, बँकांची कागदपत्रं, टॅक्स, जमिनीचे सर्च रिपोर्ट आणि त्यासोबत कोर्टाचं काम असं सगळं एका छताखाली चालतं. लिटिगेशन बुटीक बाकीचं घेतच नाही, दावा लावणं, कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देणं, मनाई हुकूम मिळवणं, साक्षी-उलटतपास, अपील आणि लवादाची कामं एवढ्यावरच ते ऑफिस चालतं. बरीचशी अशी ऑफिसं मोठ्या फर्ममधून बाहेर पडलेल्या दोन-तीन वकिलांनीच काढलेली असतात, कारण त्यांना कोर्टात उभं राहायचं असतं आणि मोठ्या फर्ममध्ये त्यांचा दिवस मीटिंगमध्ये जात असतो.

फायदा काय ते सांगतो. तुमच्याशी पहिल्या दिवशी जो बोलतो, जो तुमची चलनं, बिलं, लेजर बघतो, दाव्याचा मसुदाही तोच लिहितो आणि जज प्रश्न विचारतात तेव्हा समोर तोच उभा असतो. कोर्टात प्रश्न कुठून येईल सांगता येत नाही. जज मध्येच विचारतात, "या बिलावर माल मिळाल्याची सही कोणाची आहे?" आणि ज्याने कागद वाचलेत तो पान नंबर सांगतो, ज्याच्या हातात सकाळी फाइल पडलीय तो तारीख मागतो. बाकी सगळे फायदे यातूनच येतात.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचा देणेकरी मोठी कंपनी असेल तर ती कंपनी, तिची बँक किंवा तिची एखादी ग्रुप कंपनी त्या मोठ्या फर्मची क्लायंट असण्याची शक्यता असते, मग त्यांना तुमचं काम घेता येत नाही किंवा घेतलं तरी मध्येच सोडावं लागतं. छोट्या ऑफिसला ही अडचण फार कमी येते. तरीही पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा की समोरच्या पार्टीचं कुठलं काम तुम्ही कधी केलंय का.

आता तुमचं प्रकरण. रक्कम ३ लाखांच्या वर आणि व्यवहार व्यापारी, म्हणजे दावा कमर्शियल कोर्टात जाणार. २०१५ चा कमर्शियल कोर्ट कायदा आला तेव्हा ही मर्यादा १ कोटी होती, २०१८ ला ती ३ लाखांवर आणली, त्यामुळे तुमच्यासारखे युनिटवाले आता त्यात येतात. तातडीचा हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं बंधनकारक आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात हे पक्कं केलंय, आणि ती पायरी वगळून लावलेला दावा दारातूनच परत येऊ शकतो. मध्यस्थीला ३ महिने, दोघांची संमती असेल तर आणखी २, आणि हा काळ दावा लावायच्या मुदतीत धरत नाहीत. दावा लावताना तुमच्याकडचे सगळे कागद सोबतच द्यावे लागतात, मागाहून "हे एक सापडलं" म्हणून आणलं तर कोर्टाची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. समोरच्याला कैफियत द्यायला ३० दिवस, फार तर १२० दिवस, त्यानंतर त्याचा हक्कच जातो. सांगायचं कारण असं की या कोर्टात अर्धी लढाई दावा दाखल व्हायच्या आधी कागद लावताना होते आणि तिथे अनुभवी माणसाने स्वतः बसावं लागतं, ज्युनियरवर सोडून चालत नाही.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, आहे का हे त्या दोन्ही ऑफिसांपैकी कोणी विचारलं का? असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाता येतं आणि तिथे थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज मागता येतं. नोंदणी व्यवहाराच्या आधीची की नंतरची यावर वाद होतात म्हणून सर्टिफिकेटवरची तारीख आधी बघा. ज्या ऑफिसने हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारला तिकडे माझा कल राहील, मग ते पाच जणांचं असो की पन्नास जणांचं.

आणि मुदत! पैशाच्या वसुलीला ३ वर्षं. त्यांनी मधे लेखी बाकी मान्य केली असेल, साध्या मेलवर का होईना, तर त्या दिवसापासून पुन्हा मोजता येतात, पण ती कबुली पहिली मुदत संपायच्या आत आलेली हवी. तुमची दोन वर्षं गेलीत, आणखी वाट बघू नका.

मोठी फर्म कधी घ्यावी? तुमचा वाद तीन राज्यांत एकाच वेळी चालू असेल, सोबत इन्कम टॅक्स आणि दिवाळखोरीचं कामही असेल आणि रोज वीस हजार पानं चाळायला माणसं लागत असतील तर. ४२ लाखांच्या एका वसुलीला नाही.

आमच्या शेताच्या बांधाचा दावा आहे, मनाईचा अर्ज दिलाय. मी दर तारखेला एसटीने तालुक्याला जाते, दिवसभर बसते आणि आमचे वकील दोन मिनिटं उभे राहून "पुढची तारीख" म्हणून येतात. ऑफिस छोटंच आहे. आम्हाला फसवतायत का?
— एक शेतकरी भगिनी, जि. सातारा

ताई, तुमचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं, हे मला कळतं. पण दोन मिनिटं म्हणजे फसवणूक असं लगेच धरू नका. त्या दिवशी बोर्डावर किती मॅटर आहेत ते कोर्टाच्या दाराबाहेर लावलेलं असतं, ते वाचा. तुमचा नंबर मागे असला तर पुकारा होईपर्यंत जजसाहेबांची वेळ संपते, ते वकिलाच्या हातात नसतं.

वकिलाच्या हातात काय असतं ते तपासा. तुमचा मनाईचा अर्ज म्हणजे कोर्टाच्या भाषेत निशाणी ५. त्यात कोर्ट तीनच गोष्टी बघतं, वरवर पाहता तुमची बाजू खरी दिसते का, हुकूम दिला नाही तर जास्त गैरसोय कोणाची, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होणार आहे का. समोरच्याला न ऐकता तूर्तातूर्त मनाई मिळाली असेल तर तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न कोर्टाने करावा असं कायद्यातच लिहिलंय, त्यामुळे तुमच्या वकिलाने लवकर सुनावणीचा अर्ज दिलाय का ते विचारा. मोजणीची नक्कल लावलीय का, बांधाचे फोटो तारखेसकट लावलेत का, हेही विचारा.

आणि रोजनामा बघा. प्रत्येक तारखेला काय झालं, कोणी मुदत मागितली, कोर्टाने काय लिहिलं हे त्यात येतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकला की सगळ्या तारखा दिसतात, घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. प्रतिवादी मुदत मागतोय असं दिसलं तर तुमचे वकील विरोध करतायत का ते विचारा. तुमचेच वकील सारखी मुदत मागतायत असं दिसलं तर मात्र ऑफिसला जाऊन समोर बसा आणि स्पष्ट विचारा, का. छोट्या ऑफिसचा हा फायदा आहे की समोर बसता येतं, मुख्य वकिलाला भेटायला मध्ये चार माणसं नसतात.

एक मात्र खरं आहे आणि आमच्यासारख्या छोट्या ऑफिसवाल्यांबद्दलच आहे. छोट्या ऑफिसात एक माणूस आजारी पडला किंवा हायकोर्टात अडकला की खालच्या कोर्टातलं काम लोंबकळतं. चांगलं ऑफिस यासाठी प्रत्येक फाइल किमान दोघांना माहीत ठेवतं. तुमच्या ऑफिसात तो दुसरा कोण आहे ते विचारून घ्या आणि त्याचा नंबर लिहून ठेवा.

हायकोर्टातल्या मॅटरसाठी आमच्या वकिलांनी सिनियर कौन्सेल घ्यायला सांगितलंय. म्हणजे दोन-दोन फिया. ते स्वतः चांगले आहेत तर दुसरा कशाला?
— एक वाचक, ठाणे

ही पद्धत जुनी आहे. मुंबई हायकोर्ट १८६२ ला सुरू झालं तेव्हापासून ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, कागद तयार करणारे सॉलिसिटर वेगळे आणि उभे राहून बोलणारे कौन्सेल वेगळे. ती सक्ती कधीच गेली, पण सवय उरलीय. आजच्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे सिनियर हा दर्जा कोर्ट देतं आणि सिनियरला वकीलपत्र दाखल करता येत नाही, मसुदा लिहिता येत नाही, थेट क्लायंटकडून कामही घेता येत नाही, त्यामुळे सिनियर घेतला की सोबत तुमचे वकील लागणारच.

प्रत्येक तारखेला सिनियर लागत नाही. कायद्याचा गुंतागुंतीचा मुद्दा आहे, समोरूनही सिनियर येतोय, किंवा अंतरिम हुकुमावरच सगळं ठरणार आहे, अशा दिवशी घ्या. तारीख पुढे जाणार हे माहीत असलेल्या दिवशी नको. आणि सिनियरच्या चेंबरमध्ये कॉन्फरन्स होते तिथे मला बसू द्या असं सांगा. तुमच्या वकिलांनी दोन पानांत तारखांचा तक्ता आणि मुद्द्यांची नोट करून नेलीय का ते तिथे तुमच्या डोळ्यांना दिसेल. ती नोट पक्की असेल तर फी सत्कारणी लागली समजा.

समोरच्याने व्हॉट्सॲपवर पैसे देणं लागतो असं कबूल केलंय, स्क्रीनशॉट आहेत. वकील म्हणतात एवढ्याने भागणार नाही. मग आणखी काय पाहिजे?
— एक छोटे कंत्राटदार, नाशिक

वकील बरोबर सांगतायत, त्यांना धरून राहा. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधल्या गोष्टीची प्रिंट किंवा कॉपी द्यायची तर सोबत ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट लागतं, एक भाग तुमचा आणि एक भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून बघायचा कोडही लिहावा लागतो. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका, आणि नवीन फोन घ्यायचाच असेल तर जुना चार्जरसकट कपाटात ठेवा.

हा विषय सुप्रीम कोर्टात पक्का झाला तो आपल्या जालन्याच्या केसमध्ये. २०१४ ची विधानसभा निवडणूक, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल. मुद्दा असा की शेवटच्या दिवशी खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत दिला गेला की नंतर. निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग होतं, सीडीवर, पण सर्टिफिकेट नव्हतं, कारण मागून मागून ते दिलंच गेलं नाही. २०१७ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने खोतकरांची निवडणूक रद्द केली, त्यात रेकॉर्डिंगसोबत अधिकाऱ्याच्या उलटतपासात जे बाहेर आलं त्याचाही आधार होता. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नाही तर सर्टिफिकेट पाहिजेच, पण ज्याने मिळवायचे सगळे प्रयत्न केले आणि तरी मिळालं नाही त्याला त्यासाठी शिक्षा नको, आणि खंडपीठाचा निकाल कायम राहिला. म्हणजे सर्टिफिकेट नाही म्हणून हात बांधून न बसता लेखी मागणं, न दिल्यास कोर्टात अर्ज करणं आणि त्याच वेळी साक्षीदाराच्या तोंडून तीच गोष्ट काढणं, असं तिन्ही बाजूंनी काम करावं लागतं.

उलटतपासाबद्दल आणखी दोघा-तिघांनी विचारलंय म्हणून आमच्याच ऑफिसातलं एक सांगतो, तपशील थोडे बदललेत. आम्ही प्रतिवादीकडून होतो. समोरच्याचं म्हणणं, आम्ही एवढा टन माल पोचवला, आणि पुरावा म्हणून त्याने चलनं आणि वजनकाट्याच्या पावत्यांचा गठ्ठा लावला, साडेतीनशेच्या आसपास पानं. एवढे कागद बघून भले भले म्हणतात की माल गेला असणार. आमच्याकडे तेव्हा दीड वर्षाची ज्युनियर होती, तिने चार रात्री बसून प्रत्येक पावतीचा गाडी नंबर, तारीख आणि वेळ वहीत उतरवली. एका गाडीचं वजन भोसरीच्या काट्यावर सकाळी ११.४० ला झालेलं, आणि त्याच गाडीचं, त्याच दिवशी, नाशिकच्या काट्यावर दुपारी १२.०५ ला.

समोरच्याच्या साक्षीदाराचा उलटतपास तिनेच घ्यायचा असं मी ठरवलं. तिने पावत्या दाखवल्याच नाहीत आधी. पहिलं विचारलं, पावत्यांवरची वेळ काट्याच्या मशिनवर आपोआप पडते ना? हो. तुम्ही स्वतः तपासून सही करता ना? हो. मग, भोसरीहून भरलेली गाडी नाशिकला पोचायला साधारण किती वेळ लागतो? तो सरळ माणूस होता, म्हणाला पाच तास तरी. जजसाहेबांनी ते स्टेनोला सांगून लिहून घेतलं. त्यानंतर तिने दोन्ही पावत्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि फक्त गाडी नंबर आणि वेळा वाचायला सांगितल्या. त्याने वाचल्या, आणि दुसरी वेळ वाचताना त्याचा आवाज खाली गेला. ती तिथेच थांबली. हे कसं काय झालं असं विचारलं असतं तर त्याने काहीतरी खुलासा केला असता, मशिनचं घड्याळ चुकलं असेल वगैरे, आणि तो खुलासा रेकॉर्डवर आला असता. "नो फर्दर क्वेश्चन्स ऑन धिस" म्हणून ती पुढच्या मुद्द्यावर गेली. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि खरं सांगतो, माझ्या हाताला घाम आला होता.

ती वही दुसऱ्या कोणी लिहिली असती आणि उलटतपास तिसऱ्याने घेतला असता तर हे एवढं नेमकं झालं नसतं.

जुन्या वकिलांना काम पटत नाही म्हणून बदलायचंय पण ते म्हणतात बाकी फी दिल्याशिवाय फाइल मिळणार नाही. नवीन वकील म्हणतात फी आता नको, निकाल लागला की १० टक्के द्या. काय करू?
— एक वाचक, कल्याण

दोघांचंही चूक आहे. फी राहिली म्हणून वकिलाला क्लायंटचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलंय, फीची वसुली त्याने वेगळ्या मार्गाने करावी. लेखी मागणी करा, पोच घ्या, नाहीच दिली तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. ग्राहक कोर्टात जाऊ नका, वकिलाची सेवा त्या कायद्यात येत नाही असं मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलंय. पण त्यांनी खरंच केलेल्या कामाची फी राहिली असेल तर ती द्या, मनापासून सांगतो.

आणि निकालावर टक्केवारी बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. असं बोलणाऱ्याकडे जाऊच नका. दावा दाखल करणं, अंतरिम अर्ज, पुरावा, अंतिम युक्तिवाद अशा टप्प्यांवर किती फी ते कागदावर लिहून मागा.

आमचं पहिलं अपील जिल्हा कोर्टात फेटाळलं गेलं. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच आलंय म्हणतात. आमच्या सांगलीच्या वकिलांकडेच ठेवू का मुंबईचे बघू?
— एक वाचक, सांगली

कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. यासाठी तिकडच्या वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. याआधी दुसरं अपील म्हटलं की फाइल मुंबईला जायची आणि ज्याने साक्षीदार डोळ्यांनी बघितलेत तो माणूस सांगलीतच राहायचा. आता त्यालाच हायकोर्टात उभं राहता येईल.

पण एक बघा. दुसऱ्या अपिलात पुन्हा पुरावा मोजत नाहीत, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते दाखल होतं. तुमच्या वकिलांना विचारा की तो प्रश्न एका वाक्यात लिहून द्या. लिहून दिला आणि तुम्हाला समजला तर त्यांच्याकडेच ठेवा. गोल गोल बोलत असतील तर अपिलाचंच काम करणारं एखादं छोटं ऑफिस बघा आणि तुमच्या वकिलांना सोबत घ्या, सोडू नका. मुदत ९० दिवसांची आहे. निकालाच्या नकलेचा अर्ज दिला नसेल तर उद्याच द्या, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, अर्जाआधी वाया गेलेले होत नाहीत.